वहीत न मावलेला निबंध

मराठी निबंधाचा इतिहास लिहावयास बसलेला ग्रंथकार बहुधा लोकहितवादींच्या शतपत्रांपासून आरंभ करतो, आणि तेथून एक लांब उडी मारून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेवर, म्हणजे १८७४ सालावर, येऊन उभा राहतो. मधल्या पंचवीस वर्षांत या वाङ्मयप्रकारात कोणी काय केले, याची विचारपूस करण्याची त्यास फारशी गरज वाटत नाही. या रिकाम्या म्हणून सोडलेल्या जागेत, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, 'ज्ञानोदया'त एक निबंध दोन भागांत छापला गेला होता. लिहिणारी मुक्ता नावाची मुलगी. जातीने मांग, वय चौदाच्या आतबाहेर, आणि जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. निबंधाचा विषय, मांग-महारांची दुःखे.

अलीकडे या निबंधाचे नाव पुष्कळ घेतले जाते, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ते ज्या स्वरात घेतले जाते तो स्वर आम्हांस खटकतो. 'एवढ्याशा मुलीने, आणि तीही मांगाच्या, इतके लिहावे' हे आश्चर्य त्या स्तुतीच्या मुळाशी असते. ज्याला आश्चर्य वाटले त्याने आपली अपेक्षा काय होती तेही त्याच वाक्यात सांगून टाकले, हे त्याच्या ध्यानात येत नाही. निबंध म्हणून हा लेख कसा आहे, हा प्रश्न विचारणारे थोडे. आम्ही तो विचारला, आणि आम्हांस असे दिसून आले की करुणा भाकणारा लेख तो नव्हेच. तो वाद घालणारा लेख आहे. वेदांवर केवळ आपलाच अधिकार, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मुक्ता आधी मान्य करते, आणि मग विचारते की तसे असेल तर आमच्यापाशी धर्मपुस्तकच उरले नाही, मग आम्ही धर्मरहित ठरलो. आता आमचा धर्म कोणता ते देवानेच सांगावे. प्रतिपक्षाचे विधान उचलून त्याच्याच अंगावर उलटविणे ही निबंधकाराची जुनी आणि अवघड कला आहे. पेशवाईतील जुलूम ती सांगते, उघड्यावर थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायांची दशा सांगते. आणि तेवढ्यावर न थांबता, महारही मांगांस आपल्याहून हलके लेखतात, ही घरातली गोष्टही ती झाकून ठेवीत नाही. ज्या लेखकास आपल्या बाजूचे वैगुण्य बोलून दाखविता येते त्याच्यावर वाचकाचा विश्वास बसतो. मोठमोठ्या निबंधकारांस हे साधले नाही.

लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की हा निबंध एका शाळेत तयार झाला. त्या शाळेने मुलीस तिच्या अनुभवाविषयी लिहू दिले, आणि लिहिलेले छापावयास दिले. पुढच्याच वर्षी, १८५६ च्या जूनमध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला, तेव्हा मुंबई सरकारने न्याय त्याच्या बाजूने आहे हे कबूल करूनही त्यास आत घेण्याचे टाळले. एका मुलासाठी बाकीची शाळा ओस पडेल अशी भीती सरकारास वाटली. एकाच इलाख्यातील या दोन शाळा. मराठी साहित्यात पुढे जी शाळा आली ती दुर्दैवाने बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची होती.

आता आम्ही शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'कडे (१९८४) वळतो. या पुस्तकाच्या आरंभी शाळेची एक सहल आहे. गावातील वरच्या जातींची मुले एका झाडाच्या सावलीत जेवावयास बसतात, महारांची मुले दुसरीकडे. त्यांचे जेवून उरलेले अन्न ह्यांच्या वाट्यास येते, आणि भुकेली मुले ते घेतात. पुष्कळ वाचक येथे थांबून हळहळतात. आमच्या मते खरा प्रसंग त्याच्या पुढचा आहे. दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात सहलीवर निबंध लिहावयास सांगतात. मुलाची लेखणी हालत नाही, आणि गुरुजी त्यास शिव्या घालतात.

शाळेतील निबंध कसा असतो हे वाचकांस सांगावयास नको. विषय दिला जाण्यापूर्वीच त्याचा मजकूर ठरलेला असतो. सकाळी लवकर उठणे, पक्ष्यांचा किलबिलाट, झाडाची गार सावली, आणि मग 'सर्वांनी मिळून वनभोजन केले' हे वाक्य. हे वाक्य आले नाही तर तो सहलीचा निबंधच नव्हे. आता ज्या मुलाच्या सहलीत 'सर्वांनी मिळून' हे दोन शब्द घडलेच नाहीत त्याने काय करावे? ते लिहिले तर खोटे लिहिले. न लिहिले तर ढ ठरला. तिसरी वाट, म्हणजे घडले तसे लिहिणे, मुक्तेला मोकळी होती. या मुलाला नव्हती. 'या जातीची मुले अभ्यासात मागेच असायची' हा जो सार्वत्रिक समज आहे तो केवळ द्वेषातून उत्पन्न होतो असे समजणे चुकीचे आहे. तो पुष्कळदा प्रश्नाच्या घडणीतूनच उत्पन्न होतो. प्रश्न अशा रीतीने विचारावयाचा की एका प्रकारच्या मुलालाच उत्तर देता यावे, आणि मग दुसरा गप्प राहिला म्हणजे त्याच्या गप्प राहण्यास त्याच्या जातीचे नाव द्यावयाचे.

समजाचे हे नाव देणे एकट्या गुरुजींचे काम नव्हे. त्यांच्या पाठीशी आमचे प्रतिष्ठित गद्य उभे आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) हा निरीक्षणाच्या दृष्टीने मराठीतील थोर ग्रंथांपैकी एक आहे, असेच आम्ही मानतो. परंतु त्याच आत्र्यांनी चार वर्षे आधी 'गुन्हेगार जाती' या नावाचे पुस्तक लिहिले होते, आणि 'गावगाड्या'तील फिरस्त्यांकडे बघणारी नजर बरीचशी त्या आधीच्या पुस्तकातून आलेली आहे. जातच्या जात गुन्हेगार ठरविणारा कायदा १८७१ साली झाला आणि तो १९५२ साली रद्द झाला. म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षे जन्म हाच पुरावा होता. मराठी वाचकास त्या कायद्याची भाषा सरकारी गॅझेटातून शिकावी लागली नाही. ती त्यास चांगल्या, रसाळ मराठीत मिळाली. वर्गात एखाद्याची दौत नाहीशी झाली म्हणजे सर्वांची मान कोणाकडे वळते, हे ज्याने खेड्यातील शाळा पाहिली आहे त्यास ठाऊक आहे. त्या वळणाऱ्या मानेला वाङ्मयाचाही आधार आहे.

म्हणूनच लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही पुस्तके आम्ही आत्र्यांना दिलेली उत्तरे म्हणून वाचतो, जरी त्यांच्या लेखकांच्या मनात तसे नसले तरी. 'उपरा'तील कैकाडी बाप गाढवांवर संसार लादून गावोगाव हिंडतो आणि जेथे मुक्काम पडेल तेथे पोराला शाळेत घालतो. निरीक्षक बाहेरून ज्याला 'फिरस्ता' म्हणून मोकळा होतो, त्याचे फिरणे आणि त्याच्या मुलाचे शिकणे यांची आतून किती ओढाताण होते, ते या पुस्तकाने दाखविले. 'उचल्या'ची गोष्ट आणखी निराळी. मुलगा शाळेत जाऊ लागला आणि वस्तीत आजार पसरला, तेव्हा त्याच्याच जमातीने दोष त्याच्या शाळेवर ठेविला. अडथळा एकाच बाजूने येतो असे मानणाऱ्या भाबड्या सुधारकास हे पान अडचणीचे वाटेल. ज्या जमातीत कोणी शिकलेले नाही, जिला पोलीस, पाटील आणि मास्तर हे तिघेही एकाच पंगतीचे दिसतात, तिने शाळेला भ्यावे यात अज्ञानाइतकाच अनुभवाचाही भाग आहे.

समीक्षकांनी या पुस्तकांचे स्वागत केले हे खरे. पण ते कोणत्या शब्दांनी केले? 'दाहक', 'विदारक', 'अस्सल'. ही तीन विशेषणे गेली चाळीस-पन्नास वर्षे परीक्षणांतून इतकी फिरली आहेत की ती आता कोणत्याही पुस्तकावर डकवावी आणि पुढे चालू लागावे. जातीवरून माणूस ओळखण्याची जी खोड त्या पुस्तकांनी उघडी पाडली, तीच खोड त्या पुस्तकांच्या स्वागतात शिल्लक राहिली. दलिताचे पुस्तक म्हणजे दुःखाचे पुस्तक. त्यात विनोद असला तर तो नजरेआड करावयाचा, विचार असला तर तो वगळावयाचा. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू आणि दया अशी एकाच माणसाची दोन रूपे एकमेकांशी बोलतात. ही रचना किती विचारपूर्वक केलेली आहे! शिकलेला माणूस आपल्या न शिकलेल्या बालपणाला तोंड कसे देतो, हा शिक्षणासंबंधीचा मोठाच प्रश्न तीतून उभा राहतो. पण पुस्तकाच्या चर्चेत ती रचना मागे पडली आणि अनुभव तेवढा पुढे आला.

शालेय पाठ्यपुस्तकांतून या आत्मकथनांतील उतारे आले, तेही आम्हांस अपुरे वाटते. निवड बहुधा अशा उताऱ्याची होते की ज्यात मुलगा कष्ट सोसतो, अभ्यास करतो आणि वर येतो. जो सोसतो त्याचे कौतुक होते. जे सोसावे लागले ते कोणी लादले, हे उताऱ्याच्या बाहेर राहते. परिणामी वर्गातील इतर मुलांच्या मनात जुन्या समजाच्या जागी नवा समज बसतो. पूर्वी तो मुलगा ढ होता, आता तो बिचारा झाला.

या दृष्टीने आम्हांस सर्वांत समाधान देणारे पुस्तक म्हणजे ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३). रत्नागिरीकडील एका शाळेत गुरुजी या मुलीला आवारातील शेण काढावयास सांगतात आणि त्यावरून तिला मारतात. तिची आई विधवा, बाहेर बसून टोपल्या विणणारी. ती गुरुजींना रस्त्यात गाठून जाब विचारते. मी येथे बसून हे काम कशासाठी करते, तर ही पोरे शिकावीत म्हणून, असे तिचे सांगणे. गुरुजी पुन्हा हात उगारीत नाहीत. या प्रसंगाची किंमत त्यातील विजयात नाही. मुलीला त्या दिवशी प्रथमच आपली आई दिसली, घरातली रागीट, कामाने पिचलेली बाई वेगळी आणि ही वेगळी, हे लेखिका ज्या सहजतेने दाखविते त्यात तिची किंमत आहे. येथे आई साच्यातली नाही, मुलगीही नाही, आणि नवल म्हणजे गुरुजीही पूर्णपणे साच्यातले नाहीत. भीड पडली तर ते बदलू शकतात. साचा मोडावयाचा तर तो सर्वांचाच मोडावा लागतो.

हे सारे आम्ही लासलगावात बसून लिहीत आहो, आणि येथून दिसणारी गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आमच्या गावाचे नाव देशभर कांद्याने झाले आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या येथील बाजार समितीत ठरलेला भाव दिल्लीस पोचतो. पण उन्हाळ कांद्याची लागण पौष-माघाच्या सुमारास होते आणि काढणी फाल्गुन-चैत्रात, म्हणजे नेमकी शाळेच्या दिवसांत. आणि त्या कामासाठी पेठ, सुरगाणा, कळवण या भागांतील कोकणा, महादेव कोळी, भिल्ल कुटुंबे निफाडच्या शिवारांत येतात. त्यांच्याबरोबर मुलेही येतात. बांधावर धाकट्या भावंडाला सांभाळीत बसलेली सात-आठ वर्षांची मुलगी या मोसमात कोणास दिसली नाही असे होणार नाही. तिचे नाव तिकडच्या शाळेच्या हजेरीपटावर असते. इकडच्या शाळेत ती आलीच तर मागच्या बाकावरची पाहुणी. तिच्या बोलीस वर्ग हसतो. शिक्षक दुष्ट असतो असे नाही. चांगला शिक्षकही तिला 'ही आदिवासी मुले नाचगाण्यात हुशार' असे म्हणून स्नेहसंमेलनाच्या पहिल्या रांगेत आणि गणिताच्या तासाला शेवटच्या रांगेत बसवितो. हातात तिरकमठा, डोक्याला पीस, हे आदिवासीचे चित्र आमच्या मुलांनी भिंतीवरच्या तक्त्यात पाहिलेले असते; ज्यांनी कांदा लावला त्या हातांचे चित्र कोणत्याही तक्त्यात नसते. शहाद्याकडील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता याच दुखण्यावर बोट ठेविते: मंचावर दुसरे बसतात आणि आमचे दुःख आम्हांलाच सांगतात.

आणि येवला आमच्यापासून काही कोसांवर आहे, जेथे डॉक्टर आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली. त्या घोषणेमागे काय काय होते त्याची यादी मोठी आहे. तीत साताऱ्याच्या शाळेतले एक गोणपाटही आहे. सात नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले तेथे वर्गाच्या कोपऱ्यात त्यांना निराळ्या गोणपाटावर बसावे लागे, ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, आणि शिपायाने तोटी उघडल्यावाचून पाणी मिळत नसे. शिपाई नाही, तर पाणी नाही. लासलगावात गोणपाट ही रोजची, पायाखालची वस्तू आहे. कदाचित म्हणूनच हा तपशील वाचताना आम्हांस तो इतरांहून अधिक जाणवत असेल.

यावर आमचे काही मित्र म्हणतात की आता कायदे झाले, गोणपाट गेले, तेव्हा वर्गात जातीचा विषय काढणे म्हणजे विझलेली राख फुंकणे होय. कायदे झाले हे आम्ही नाकारीत नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांस एका शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. १९२३ साली बोले यांचा सार्वजनिक ठिकाणे खुली करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने मुलास मारण्याबरोबरच त्याचा मानसिक छळही निषिद्ध ठरविला, आणि दुर्बल घटकांतील मुलांशी भेदभाव होऊ नये ही जबाबदारी सरकारवर टाकली. पण विषय काढू नये असे म्हणणाऱ्यांनी एकदा शाळेचा दाखला उघडून पाहावा. जात तेथे लिहिलेलीच आहे, आणि सवलतींसाठी ती लिहिलेली असणे आवश्यकही आहे. प्रश्न ती लिहिण्याचा नाही. शिष्यवृत्तीची नावे भर वर्गात मोठ्याने पुकारून 'फुकटवाले उभे राहा' असे म्हणणारा जो आवाज आहे, त्याचा प्रश्न आहे. हे वाक्य आम्ही स्वतः ऐकलेले आहे; कोठे, ते सांगण्याची जरुरी नाही, कारण ते एका शाळेचे वाक्य नव्हे. बाबूराव बागूल हे आमच्याच जिल्ह्यातील विहितगावचे. त्यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचे शीर्षक ज्यांना अतिशयोक्तीचे वाटते, त्यांनी त्या पुकारलेल्या यादीच्या वेळी खाली वळलेल्या माना मोजाव्यात.

याहून निराळी वाट कोणी चोखाळलीच नाही असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबादकडे वारली मुलांसाठी जे काम केले त्यातील कुरणशाळेची कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. गुरे चारणारी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून ती आळशी असे न म्हणता त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ज्याला प्रश्नाची घडण बदलणे म्हणतात ते हेच. कांद्याच्या शिवारात ही गोष्ट करता येणार नाही असे मानावयास आम्हांस कारण दिसत नाही. हंगाम ठरलेला आहे, गावे ठरलेली आहेत, येणारी कुटुंबेही बहुधा वर्षानुवर्षे त्याच शेतांवर येतात.

आमचा विषय मात्र साहित्याचा आहे, म्हणून साहित्यापुरतेच मागणे मागतो. निफाड तालुक्यातीलच ओझरचे दामोदर रुंजाजी जाधव शाळेत जवळजवळ गेले नव्हते. मुंबईस गोदीत नोकरी करून निवृत्त झाल्यावर मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आपली हकीकत कागदावर उतरविली. नरेंद्र जाधव यांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) या पुस्तकाचा तो पाया आहे. त्या म्हाताऱ्याला कोणी विषय दिला नव्हता, मुद्दे दिले नव्हते, शब्दमर्यादा घातली नव्हती. आणि तो आपल्या बोलीत लिहीत गेला. आमच्या भागातील मराठीच्या शिक्षकांनी वर्षातून एक निबंध तरी या रीतीने लिहवून घ्यावा. विषय 'माझी सहल' नसावा, 'माझा आवडता ऋतू' नसावा. 'काल आमच्या घरी काय झाले' एवढाच असावा, बोली ज्याची त्याची असावी, आणि पहिल्या वाचनात लाल शाईला सुटी असावी. त्याआधी मुक्तेचा निबंध वर्गात संपूर्ण वाचून दाखवावा. धर्मपुस्तकाविषयीचा तिचा प्रश्न वगळून नव्हे, आणि महार-मांगांविषयीचा परिच्छेद गाळूनही नव्हे. वाचणारा शिक्षक तेथे अडखळेल. अडखळू द्यावे, मुलांनी विचारले की का थांबलात, तर तोच त्या दिवसाचा तास.